प्रा. त्रिभुवनदास गज्जर : कारागिराच्या भाषेतला रसायनशास्त्रज्ञ

बडोदे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम श्रीमंत सयाजीराव गायकवाडांची मूर्ती उभी राहते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती, अशी या राजाची कामे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु मोठ्या वृक्षाच्या सावलीत जवळची झाडे दिसेनाशी व्हावीत, तसे महाराजांच्या काही सहकाऱ्यांचे झाले आहे. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्यांपैकी एक. गुजरातेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात एखाद्या ओळीपुरते ते डोकावून जातात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला कारण आहे. रक्तातील साखर, एखाद्या रोगाची खूण असलेले प्रथिन किंवा जंतूच्या डीएनएचा तुकडा विजेच्या साहाय्याने ओळखण्यासाठी आज जगातील प्रयोगशाळांत सूक्ष्म छिद्रांच्या सोन्याचे विद्युतअग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, तयार केले जातात. इंग्रजीत त्याला नॅनोपोरस गोल्ड म्हणतात. हे जाळीदार सोने कसे होते याची माहिती वाचू लागलो, तेव्हा ती कृती फारशी अनोळखी वाटली नाही. आपल्या सराफकट्ट्यावर गलाईवाले सोने शुद्ध करताना जे करतात, त्याचेच ते भावंड आहे. मग हातातली कला आणि पुस्तकातले शास्त्र एकमेकांपासून इतकी दूर का राहिली, हा प्रश्न पडतो. तो प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्यात ज्याने गांभीर्याने घेतला आणि त्यावर उपाय उभा केला, तो माणूस म्हणजे गज्जर.

गज्जरांचा जन्म १८६३ साली सुरतेस झाला. योगायोग असा की महाराज सयाजीरावांचा जन्मही त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. गज्जर हे आडनाव सुतारकाम करणाऱ्या समाजाचे. लाकूड, दगड, माप, ओळंबा यांच्याशी या घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्या ओळख. त्या काळी कारागिराच्या घरात जन्मलेल्या हुशार मुलाने कॉलेजात जायचे म्हणजे हत्यारे खाली ठेवून वकिली किंवा सरकारी नोकरी धरायची, अशी रूढ वाट होती. गज्जर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, पण त्यांनी विषय निवडला रसायनशास्त्र, आणि तोही केवळ पदवीसाठी नव्हे. परीक्षानळीत घडणारी गोष्ट रंगाऱ्याच्या कुंडात, सोनाराच्या मुशीत आणि साबणवाल्याच्या कढईतही घडत असते, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

शिक्षण पूर्ण झाल्यावर १८८६च्या सुमारास ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. सयाजीरावांच्या हाती राज्याचा संपूर्ण कारभार येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. राजा तरुण, प्राध्यापकही तरुण. गुजरातेतील कापडाच्या धंद्याची स्थिती मात्र काळजी करण्यासारखी होती. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला. पुढे १८६८ साली मंजिष्ठेच्या मुळांत असणारा लाल रंग जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनविला. पाहता पाहता जर्मनीतील कारखान्यांचे रंग डब्यात भरून आपल्या बाजारात येऊ लागले. आपला रंगारी पिढीजात कसबाने मंजिष्ठा, नीळ, हळद, तुरटी वापरीत होता. तो अडाणी नव्हता. तुरटीवाचून सुताला लाल रंग पक्का बसत नाही हे त्याला ठाऊक होते. पण का बसत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे नवा रंग हाती आला की त्याची जुनी मापे निरुपयोगी ठरत आणि तो दलालाच्या सांगण्यावर अवलंबून राही.

गज्जरांनी नेमके या ठिकाणी बोट ठेवले. परदेशी रंगांवर नुसता राग धरून भागणार नाही, त्यांचे रसायन आपल्या रंगाऱ्याला समजले पाहिजे, हा त्यांचा विचार. सूत म्हणजे नुसता धागा नव्हे. त्याच्या तंतूंत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, रंगाचे कण त्यांत शिरतात, आणि तुरटीसारखा पदार्थ त्यांना तेथे धरून ठेवतो. एवढी गोष्ट कळली की नव्या रंगाला किती तुरटी, किती उष्णता, किती वेळ याचा अंदाज रंगारी स्वतः बांधू शकतो. त्यांनी रंगकामाचे प्रयोग करून दाखविले, छपाईची कामे करणाऱ्यांना शिकविले, आणि या विषयाची माहिती गुजरातीत छापून कारागिरांपर्यंत पोहोचविली.

यातूनच १८९० साली बडोद्याचे कलाभवन उभे राहिले. महाराजांचा पैसा आणि पाठिंबा, व गज्जरांची योजना. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. जर्मनीतील तंत्रशाळांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. परंतु त्यांनी त्याची नक्कल केली नाही. रंगकाम व रासायनिक तंत्र, यंत्रकाम, वास्तुकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जाऊ लागले. या संस्थेची खरी नवलाई मात्र विषयांत नव्हती, ती माध्यमात होती. कलाभवनातील शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे, असे ठरविण्यात आले. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचा विद्यार्थी आधी इंग्रजीशी झुंजत होता आणि उरलेल्या शक्तीने रसायनाशी. ज्या सुताराच्या, विणकराच्या, रंगाऱ्याच्या मुलाला या शास्त्राची सर्वांत अधिक गरज, तो इंग्रजीच्या उंबरठ्यावरच अडून पडे. गज्जरांनी तो उंबरठाच काढून टाकला. गुजरातीत तांत्रिक विषयांची पुस्तके तयार करवून घेणे, शास्त्रीय संज्ञांना देशी शब्द ठरविणे, ही कंटाळवाणी वाटणारी कामेही त्यांनी तितक्याच आस्थेने अंगावर घेतली.

अशी धडपड करणारे ते एकटेच होते असे नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी त्याच सुमारास मराठीत रसायनशास्त्रावर पुस्तके लिहिली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेळ्ळावे वेंकटनारणप्पा यांनी कन्नडमध्ये विज्ञान या नावाचे मासिक चालविले. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांनी ही दोन नावे जवळजवळ लिहून ठेवावीत. तिघांच्या भाषा वेगळ्या, पण दुखणे एकच ओळखलेले. गज्जरांचे वेगळेपण एवढेच की त्यांनी पुस्तकाबरोबर प्रयोगशाळा आणि कार्यशाळाही त्याच छपराखाली आणली.

कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक मराठी तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून तो बडोद्यास आला. छायाचित्रणाची त्याची आवड गज्जरांच्या नजरेस आली आणि त्यांनी कलाभवनातील छायाचित्रणाचे साहित्य त्याच्यासाठी मोकळे केले. पुढे तीनरंगी ठसे व छपाईचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला जाण्याची वाटही त्याला गज्जरांमुळेच सापडली. १९१३ साली राजा हरिश्चंद्र या चित्रपटाने दादासाहेब फाळक्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु त्या चित्रपटामागचे अंधाऱ्या खोलीतले रसायन फाळके बडोद्यात शिकले होते. फोटोची काच किंवा फिल्म म्हणजे तरी काय? चांदीच्या क्षाराचे अतिबारीक कण. प्रकाशाचा स्पर्श झालेल्या कणांतून पुढे काळी चांदी मोकळी होते आणि चित्र उमटते. बाहेरच्या जगाची खूण बारीक धातूच्या कणांवर टिपून घेण्याची ही कला. तिचे नाते आजच्या जाळीदार सोन्याशी किती जवळचे आहे हे पुढे येईलच.

१८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस आले. तेथे विल्सन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवू लागले आणि काही वर्षांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी या नावाची स्वतःची प्रयोगशाळा त्यांनी काढली. मुंबईच्या या काळातील दोन गोष्टींनी त्यांचे नाव घरोघर गेले. एक संगमरवराची आणि दुसरी मोत्यांची.

मुंबईच्या फोर्ट भागात व्हिक्टोरिया राणीचा पांढऱ्या संगमरवराचा भव्य पुतळा होता. सयाजीरावांच्या आधीच्या पिढीतील बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी पैसा दिला होता आणि १८७२ साली तो बसविण्यात आला. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री कोणीतरी या पुतळ्याला डांबर फासले. पुढे उघड झाले की हे काम पुण्याच्या चापेकर बंधूंचे होते. सरकारने डाग काढण्याचे पुष्कळ प्रयत्न केले, नामांकित तज्ज्ञांनी हात टेकले. अखेरीस तो संगमरवर पुन्हा पांढरा करून दाखविला तो गज्जरांनी.

यातली अडचण कोणती होती, हे समजून घेण्यासारखे आहे. संगमरवर दिसायला घट्ट, पण त्यालाही बारीक छिद्रे असतात. डांबर नुसते पृष्ठभागावर राहत नाही, ते आत झिरपते. खरवडावे तर नाक-डोळे झिजतात. आम्ल वापरावे तर संगमरवर हा चुन्याचाच भाऊ, कॅल्शियम कार्बोनेट, तो फसफसून विरघळू लागतो. म्हणजे दगडाला धक्का न लावता दगडाच्या छिद्रांतला डाग तेवढा बाहेर काढावयाचा. ज्या डांबरातून रंग जन्मले, त्या डांबराच्या रसायनात ज्याचे आयुष्य गेले होते, त्याच्याच हातून हे काम व्हावे यात नवल नाही.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक काटा राहतोच. चापेकर बंधूंनी पुढे जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडचा वध केला आणि ते फासावर गेले. त्यांनी काळे फासलेला राणीचा पुतळा एका भारतीय शास्त्रज्ञाने स्वच्छ करून द्यावा, हे कसे समजावयाचे? हा प्रश्न टाळून गज्जरांचे गुणगान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्यांनी सर्वस्व ओवाळून टाकले त्यांची जागा वेगळी, आणि ती तशीच राहील. परंतु गज्जरांच्या कामाकडे एका डागावरून पाहणे हाही अन्याय होईल. ज्या राज्यकर्त्यांना वाटत होते की शास्त्र हे गोऱ्यांच्याच डोक्यातून निघते, त्यांच्याच शहरात त्यांच्या तज्ज्ञांना न जमलेले काम सुरतेच्या सुतारकुळातल्या माणसाने करून दाखविले. तो डाग गेला तसा एक समजही थोडा पुसला गेला असे म्हणावे लागेल. शिवाय परदेशी मालाला पुरून उरायचे तर परदेशी रसायन आधी आपल्या मुठीत आले पाहिजे, हा गज्जरांचा रस्ता होता. हा स्वदेशीचाच रस्ता, फक्त फार लांबचा.

दुसरी गोष्ट मोत्यांची. मुंबई ही तेव्हा मोत्यांची मोठी पेठ. इराणच्या आखातातून येणारी मोती येथे विकली जात. जुनी मोती पिवळी पडली की त्यांचा भाव उतरे. मोती हाही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. त्याचे पातळ थर एकावर एक रचलेले आणि त्या थरांच्या मध्ये प्राणिज द्रव्य. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच : अंगाला आम्ल लागू न देता आतला पिवळेपणा काढणे. गज्जरांनी मोती पांढरे करण्याची कृती शोधून काढली. ती कृती म्हणजे धंद्याची किल्ली. वर्गात हातचे काही न राखता शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने ती किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवली आणि तिच्यावर चांगला पैसा मिळविला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात काही गैर दिसणार नाही. प्रयोगशाळा नुसत्या कौतुकावर चालत नाही, काचेच्या नळ्या आणि आम्लांचे बुधले विकत घ्यावे लागतात, हे त्यांना पुरते कळले होते.

त्यांचा प्रत्येक प्रयत्न सफल झाला असे मात्र नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा त्यांनी आयोडीनच्या एका संयुगाचा औषध म्हणून पुरस्कार केला. प्लेगवर खरोखर गुणकारी औषधे मिळाली ती पुढे कित्येक दशकांनी, जंतुनाशक प्रतिजैविके निघाल्यावर. पण शहर सोडून लोक पळत असताना एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक औषधाच्या शोधात प्रयोगशाळेत उभा राहिला, हे विसरून चालणार नाही. त्या काळी रोग ओळखणेच मुळात अवघड होते. गाठ दिसेपर्यंत, ताप चढेपर्यंत निश्चित असे काही सांगता येत नसे. रक्ताच्या एका थेंबाला विचारून रोगाची खूण मिळविण्याचे साधन तेव्हाच्या डॉक्टरांच्या स्वप्नातही नव्हते.

गज्जरांच्या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ पुन्हा बडोद्यातच लागले. १९०७ साली तेथे अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी निघाली. तिच्या उभारणीत गज्जरांबरोबर त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन होते. प्रारंभी मद्यार्क आणि औषधी अर्क हा तिचा माल. पुढे औषधांच्या धंद्यात तिने मोठे नाव कमाविले आणि बडोदे हे रासायनिक उद्योगांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याची सुरुवात येथे झाली. एकट्याच्या मुठीतली कृती त्या माणसाबरोबर संपते, पण भागभांडवल, हिशेब आणि व्यवस्था यांच्या आधाराने उभी राहिलेली कृती तीन पिढ्यांनंतरही चालते. मोत्यांची कृती आणि अलेंबिक कंपनी शेजारी ठेवून पाहिली की आपल्या शाखेच्या अभ्यासक्रमातला एक मोठा धडा पुस्तक न उघडता समजतो.

१९२० साली गज्जरांचे निधन झाले. कलाभवन पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले आणि आज ते त्या विद्यापीठाची तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून उभे आहे. शिकविण्याची भाषा मात्र काळाच्या ओघात इंग्रजी झाली.

आता आरंभी उल्लेख केलेल्या जाळीदार सोन्याकडे वळू. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून गलाईचा धंदा करणारी माणसे भारतभर पसरली आहेत. मोठ्या शहरातल्या सराफकट्ट्यात शिरा, सोने-चांदी गाळून देणारा एखादा तरी या भागातला निघतोच. मिसळीचे सोने शुद्ध करावयाचे असले म्हणजे त्याची जुनी रीत अशी : सोन्यात उलट आणखी चांदी घालून ते एकत्र वितळवावयाचे, इतकी की सोने अवघे एक चतुर्थांश राहील. मग तो धातू तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळावयाचा. चांदी विरघळून जाते, सोने विरघळत नाही. खाली राहते ते पिवळे सोने नव्हे, तर तपकिरी, भुसभुशीत असे काही. ते धुऊन मुशीत घालून वितळविले की पिवळे धमक सोने हाती येते. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही, तांब्याची पट्टी बुडविली की ती परत मिळते. आपला सोनार काय किंवा कन्नड मुलखातला अक्कसालिग काय, ही रीत त्यांना नवी नाही.

ते तपकिरी भुसभुशीत सोने कारागिराच्या दृष्टीने अर्धवट माल. त्याला वितळविण्याची घाई. परंतु शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो सोन्याचा स्पंज निघाला. चांदीचे अणू एकेक करून निघून जातात, मागे राहिलेले सोन्याचे अणू सरकून एकमेकांना बिलगतात आणि बारीक दांड्यांचे जाळे तयार होते. २००१ साली योना एर्लेबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घडण कशी होते याचा उलगडा प्रसिद्ध केला. या जाळीतील छिद्रे काही दशक नॅनोमीटर रुंदीची असतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर धरली, तर ही छिद्रे किती बारीक असतील याची कल्पना येईल. छिद्रे इतकी बारीक आणि इतकी पुष्कळ, की एक ग्रॅम सोन्याच्या आतल्या सर्व भिंती उलगडून पसरल्या तर कित्येक चौरस मीटर जागा व्यापतील.

रोगनिदानात याचा उपयोग तो काय? रक्तातील साखर मोजण्याच्या पट्टीचे उदाहरण घेऊ, कारण घरात कोणी मधुमेही असेल तर ती आपल्या परिचयाची असते. पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसविलेले असते. ते साखरेच्या रेणूला पकडते आणि त्याच्यातील इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन विद्युतअग्रापर्यंत पोहोचले की क्षीण वीजप्रवाह वाहतो आणि यंत्र त्या प्रवाहावरून साखरेचा आकडा सांगते. या तत्त्वाचा पाया लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली घातला. साखर रक्तात भरपूर असल्यामुळे सपाट अग्रावरही काम भागते. पण रोगाची खूण असलेले प्रथिन किंवा जंतूच्या डीएनएचा तुकडा अगदी थोडा असतो, त्याचा प्रवाह सपाट अग्रावर कानी पडत नाही. जाळीदार सोन्यात आतली जागा अनेक पटींनी जास्त, म्हणून ओळख पटविणारे रेणू तेथे अधिक बसविता येतात आणि खूणही अधिक ठळक मिळते. गंधक असलेल्या रेणूंना सोने घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हे रेणू तेथे बांधणेही सोपे जाते.

दुसरा फायदा अधिकच सुंदर आहे. रक्त हा गर्दीचा पदार्थ. त्यातील मोठी प्रथिने सपाट अग्रावर चिकटून बसतात आणि अग्र बधिर होते. जाळीदार सोन्यात ती मोठी प्रथिने बहुधा तोंडाशीच अडतात, आणि लहान रेणू आतल्या गल्ल्यांत शिरून आपला निरोप पोहोचवितात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटरची, तिला तर या दारात पाऊलही टाकता येत नाही. चाळण आणि तराजू, दोन्ही कामे एकाच तुकड्यात.

अर्थात अजून हे काम बव्हंशी प्रयोगशाळेतच आहे. सोने महाग आहे, छिद्रे काळाने आणि उष्णतेने मोठी होत जातात, आणि प्रत्येक तुकडा तंतोतंत सारखा निघाला नाही तर डॉक्टरने आकड्यावर विश्वास कसा ठेवावा? कृती आणि माल यांच्यामधली ही दरी गज्जरांच्या ओळखीची होती. रंग, संगमरवर, मोती या तिन्हींत त्यांचे काम एकाच प्रकारचे होते : पदार्थाच्या बारीक पोकळ्यांत काय शिरते, काय अडते आणि काय बाहेर काढता येते, हे समजून घेणे. नॅनोमीटर हा शब्द त्यांच्या वेळी प्रचारात नव्हता. पण या सोन्याचा स्पंज त्यांना दाखविला असता, तर त्यांनी प्रथम तो कोणत्या कारागिराच्या हातून निघाला याची चौकशी केली असती, असे त्यांचे चरित्र वाचून वाटते.

आपण ती चौकशी करतो काय? तपकिरी सोने पिढ्यान्‌पिढ्या पाहणारा गलाईवाला आणि त्याच सोन्यावर प्रबंध लिहिणारा शास्त्रज्ञ यांची भेट होत नाही, कारण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. गलाईवाल्याचा मुलगा मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकतो, मग विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आहेत म्हणून मागे फिरतो आणि बहुधा माझ्यासारखाच वाणिज्य किंवा कला शाखेकडे येतो. वाणिज्य शाखा कमी प्रतीची असे मला म्हणावयाचे नाही. पण ज्याच्या घरच्या मुशीत हे शास्त्र रोज शिजते, त्याने ते केवळ भाषेच्या भीतीने सोडून द्यावे, यात देशाचे केवढे नुकसान आहे याचा जमाखर्च कोणी मांडलेला नाही.

गज्जरांनी १८९० साली तो मांडला होता. त्यांनी कारागिराला इंग्रजी येण्याची वाट पाहिली नाही, रसायनशास्त्रालाच देशी भाषा शिकविली. आपल्या महाविद्यालयात मराठी जाणणारे आहेत, कन्नड जाणणारे आहेत, दोन्ही जाणणारेही पुष्कळ आहेत, आणि विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळाही आहेत. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दरवर्षीच्या अंकात निदान एक लेख मराठीत व एक कन्नडमध्ये असा द्यावा, की जो जवळच्या सराफकट्ट्यावर, रंगाऱ्याकडे, साखर कारखान्यात वाचून दाखविता येईल. शब्द अडले तर कारागिरालाच विचारावे. पुष्कळदा शब्द त्याच्याकडे तयार असतो.